छंदांचे कारखाने

मराठी वाचकाची जयपूरच्या राजघराण्याशी ओळख होते ती स्वाऱ्यांच्या आणि तहांच्या वाटेने. १६६५ साली पुरंदरास वेढा घालून तेवीस किल्ल्यांचा तह पदरात पाडून घेणारा मिर्झाराजा जयसिंह, आणि पुढल्याच वर्षी आग्र्यात शिवाजीमहाराजांसाठी बादशहापाशी जामीन राहिलेला त्याचा पुत्र रामसिंह, हे दोघेही आंबेरचे कछवाहे. आणि महाराज आग्र्यात होते त्या दिवसांची हकीकत सांगणारी जी राजस्थानी पत्रे पुढे इतिहाससंशोधकांच्या हाती आली, तीही याच घराण्याच्या दफ्तरात जपून राहिली होती. जयपूर शहर मात्र त्या वेळी अस्तित्वात नव्हते. ते वसविले मिर्झाराजाच्या खापरपणतूने, सवाई जयसिंहाने, १७२७ च्या नोव्हेंबर महिन्यात. आणि हा जयसिंहही प्रथम मराठी मुलखात आला तो शत्रू म्हणूनच, १७०२ साली औरंगजेबाने विशाळगडास दिलेल्या वेढ्यात, पुरती चौदा वर्षेही भरलेली नसताना.

लढायांची ही बाजू आपल्याकडे पुष्कळांनी पुष्कळ वेळा लिहिली आहे आणि तिच्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला या नगरीचा इतिहास तिच्या राजांच्या छंदांच्या अंगाने पाहावासा वाटतो. राजाला छंद असणे यात नवल काहीच नाही. शिकार, हत्तींच्या झुंजी, बागा, गाणेबजावणे यांवाचून हिंदुस्थानातले कोणते संस्थान होते? पण आंबेर-जयपूरच्या दरबाराची एक रीत अशी की राजाला ज्या गोष्टीची गोडी लागली तिला तो खाते लावून देई. आपल्याकडच्या जुन्या कागदांत अठरा कारखाने येतात, पीलखाना, फरासखाना, मुदपाकखाना, नगारखाना वगैरे. जयपूरकर आपल्या दरबाराचे कारखाने छत्तीस सांगतात, आणि त्यांत तोफा व उंट यांच्या जोडीला पोथ्यांचा पोथीखाना, चित्रकारांचा सूरतखाना आणि गवई, वादक व नर्तकी यांचा गुणीजनखाना असे. प्रत्येकावर दारोगा, प्रत्येकाचा तहविलदार, प्रत्येकाचा हिशेब लिहिणारा मुशरिफ. किती कागद खर्ची पडला, कोणत्या चितेऱ्याला काय इनाम मिळाले, याची नोंद. हे कारखानेजात कागद आज बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहेत. ज्याला आपण मनाची लहर म्हणतो ती तिथे जमाखर्चाच्या रकान्यात उतरलेली सापडते, आणि लहरीला असा रकाना मिळाला म्हणजे तिचे काय होते, हा प्रश्न मला कोणत्याही तहाच्या कलमांपेक्षा अधिक रोचक वाटतो.

सवाई जयसिंहाचा छंद आकाशाचा. न्यूटनचा महाग्रंथ लंडनला छापला गेला १६८७ साली, आणि जयसिंह जन्मला त्याच्या पुढल्या वर्षी. या दोन तारखा जवळजवळ आहेत, पण त्यांच्यामधले अंतर फार मोठे होते, आणि ते अंतर आपल्याला ओलांडायचे आहे याची पुसट जाणीव जयसिंहाला होती, हेच त्याच्या चरित्रातले खरे नाट्य. हिंदू पंचांगे आणि मुसलमानी झीज यांनी वर्तविलेली ग्रहांची स्थाने डोळ्यांना दिसणाऱ्या स्थानांशी जुळत नाहीत, हे पाहून त्याने वेध घेण्याचा उद्योग आरंभिला, आणि त्यासाठी समरकंदच्या उलुगबेगाच्या परंपरेतली पितळी यंत्रे प्रथम करवून घेतली. ती त्याच्या मनास उतरेनात. महंमदशहा बादशहाच्या नावे त्याने जी झीज, म्हणजे ग्रहगणिताची कोष्टके, सिद्ध करविली तिच्या प्रस्तावनेत या असमाधानाची कारणे आली आहेत: पितळी यंत्रे लहान, त्यामुळे त्यांवर कलांचे विभाग पाडता येत नाहीत, त्यांचे आस झिजतात व डळमळतात, मध्यबिंदू जागचा सरकतो, पातळी बिघडते. यावर त्याने काढलेला उपाय साध्या माणसाला सुचेल असा आणि राजावाचून कोणाला परवडणार नाही असा होता. यंत्र हलते ना? मग ते दगडचुन्याचे बांधा. लहान पडते ना? मग ते वाड्याएवढे करा. दिल्लीस १७२४ च्या सुमारास, पुढे जयपूरास, आणि उज्जयिनी, काशी व मथुरा येथे अशा पाच वेधशाळा त्याने उभ्या केल्या. मथुरेची आज नामशेष झाली आहे. जयपूरची सर्वांत मोठी. १७३४ च्या सुमारास ती पुरी झाली, आणि राजवाड्याच्या अगदी अंगाशी ती अजून उभी आहे.

तिच्यातले सम्राट यंत्र म्हणजे वस्तुतः एक छायायंत्रच, पण त्याची शंकुभिंत सुमारे नव्वद फूट उंच. या भिंतीचा तिरका माथा जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे जवळजवळ सत्तावीस अंशांचा, कोन करून ध्रुवाकडे रोखलेला आहे. तिच्या दोन्ही बाजूंना संगमरवराने मढविलेल्या पाव वर्तुळाच्या दोन कमानी पसरल्या आहेत. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. लहान छायायंत्रावर सावली सरकते हे तर्काने कळते. येथे ती डोळ्यांना सरकताना दिसते, दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला चार बोटांच्या आसपास. कमानीवरील खुणा दोन सेकंदांपर्यंत पाडलेल्या आहेत. पण प्रचंडपणाने सर्व अडचणी सुटत नाहीत, काही नव्या निर्माण होतात, आणि माझ्या मते या वेधशाळेतला सर्वांत मोठा धडा तोच आहे. सूर्य हा बिंदू नव्हे, बिंब आहे, अर्ध्या अंशाचे. भिंत जितकी उंच आणि कमान जितकी दूर, तितकी सावलीची कड पुसट. एवढ्या मोठ्या यंत्रावर तर ती कड कित्येक बोटे रुंद अशी धूसर पट्टी होते, आणि दोन सेकंदांच्या रेघा मारणाऱ्या कारागिराच्या कौशल्याला सूर्याच्या स्वतःच्या आकारानेच मर्यादा पडते. सराईत निरीक्षक कमानीजवळ दोरा किंवा काडी धरून तिच्या सावलीच्या साहाय्याने ती कड नेमकी ठरवीत. दगडाने जे साधले नाही ते शेवटी एका दोऱ्याने साधले.

या दगडी समूहात मला सर्वांत अधिक रमविते ते जयप्रकाश यंत्र. जमिनीत खोदलेल्या संगमरवरी अर्धगोल दोन वाट्या, आकाशाचा घुमट पालथा करून ठेवावा तशा. वरती ताणलेल्या तारांच्या छेदावर एक कडे, आणि त्या कड्याची सावली वाटीत जेथे पडेल ते सूर्याचे आकाशातील स्थान. एका वाटीत जेथे संगमरवराची पट्टी आहे तेथे दुसरीत पोकळ वाट ठेविली आहे, म्हणजे निरीक्षकाला रात्री आत उतरून खालून कड्याच्या रोखाने तारा पाहता यावा. दोन वाट्या एकत्र केल्या तरच आकाश पुरे होते. हे यंत्र जयसिंहाच्या स्वतःच्या कल्पनेतले मानतात. त्याच्याकडे पाहताना हे गणिताचे साधन आहे की शिल्प आहे असा प्रश्न विचारण्यात अर्थ राहत नाही. ज्याने ते घडविले त्याने हा भेद केलेला नाही. पलीकडे राशिवलयाची बारा यंत्रे आहेत, राशीगणिक एक, आणि जयपूरला जाणारा प्रत्येक पाहुणा आपापल्या राशीच्या यंत्रापाशी उभा राहून छायाचित्र काढून घेतो. वाटाड्ये मोठ्या सम्राट यंत्रावरून वेळ काढून दाखवितात, ती हातातल्या घड्याळाशी जुळत नाही, आणि मग ते मोठ्या ऐटीत सांगतात की साहेब, हिच्यात सत्तावीस मिनिटे मिळवा, शिवाय आजच्या तारखेचे कोष्टक पाहा. कारण घड्याळ दाखविते ती साऱ्या देशाची वेळ, आणि यंत्र दाखविते ती जयपूरची. मुंबईकराला यात विस्मय वाटू नये. १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरल्यावरही त्याच्या शहराने आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

जयसिंह केवळ जुन्याला चिकटून होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्यापाशी दुर्बिणी होत्या. शुक्राच्या व बुधाच्या कला, गुरूचे चार चंद्र, सूर्यावरचे डाग यांचा उल्लेख त्याच्या झीजमध्ये आहे. आग्र्याचे जेझुइट पाद्री मानुएल द फिगेरेदो यांच्या हवाली करून त्याने गोव्याच्या वाटेने एक शिष्टमंडळ थेट लिस्बनच्या राजाकडे धाडले, आणि ते परत आले तेव्हा त्याच्या हाती फ्रेंच ज्योतिषी ला हीरचे कोष्टकग्रंथ पडले. ते त्याने भक्तिभावाने स्वीकारले नाहीत, ताडून पाहिले. आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली असे नमूद करविले. १७३४ साली चंद्रनगरहून बूदिए आणि पाँ हे दोन फ्रेंच पाद्री वेध घेत घेत जयपूरला आले. इतके असूनही कोपर्निकस आणि केप्लर यांचे मर्म त्याच्या दरबारात पोचले नाही, आणि दुर्बीण मोजणीच्या यंत्राला जोडता येते हेही नाही. त्याला ज्या वस्तू मिळाल्या त्या त्याला पाठविणाऱ्यांना माहीत असलेल्या वस्तू होत्या. पाद्र्यांच्या गाठोड्यात जे ज्ञान नव्हते ते मागावे कसे? आज कोणी या वेधशाळेपुढे उभे राहून आपण जगाच्या पुढे होतो अशी छाती फुगवितात, कोणी राजाच्या मागासलेपणावर हसतात. मला दोन्ही मंडळी सारखीच उतावीळ वाटतात. हाताशी आलेल्या प्रत्येक साधनाची स्वतःच्या डोळ्यांनी परीक्षा करणारा मनुष्य दरबारी वातावरणात किती दुर्मीळ असतो, हे ज्याने एखादे लहानसे सरकारी खातेही जवळून पाहिले असेल त्याला सांगावे लागणार नाही.

या उद्योगात महाराष्ट्राचा वाटा होता. जयसिंहाचे दीक्षागुरू रत्नाकरभट्ट पौंडरीक हे काशीस राहिलेले महाराष्ट्रीय. जयपूरच्या ब्रह्मपुरीत त्यांच्या घराण्याची हवेली आहे, आणि तिच्या एका दालनातील भित्तिचित्रे आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. दुसरे पंडित जगन्नाथ सम्राट, ज्यांनाही परंपरा महाराष्ट्रीयच मानते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका अशी चालत आली की शिवाजीवर चालून गेलेल्या जयसिंहाने दक्षिणेतून हा वीस वर्षांचा बुद्धिमान तरुण बरोबर आणला; तिच्यात दोन जयसिंहांची सरमिसळ झाली आहे हे उघडच आहे, कारण शिवाजीमहाराजांवर चालून आलेला मिर्झाराजा १६६७ सालीच बुऱ्हाणपुरास वारला. पण आख्यायिकेचा खोटेपणा जगन्नाथपंडितांच्या कामाला बाधत नाही. राजाच्या इच्छेवरून या वैदिक ब्राह्मणाने अरबी व फारसी शिकून घेतली, नसिरुद्दीन तुसीच्या अरबी प्रतीवरून युक्लिडची पंधरा प्रकरणे संस्कृतात उतरविली, आणि टॉलेमीच्या ग्रंथावरून सिद्धान्तसम्राट हा ग्रंथ सिद्ध केला. युक्लिडचे ते भाषांतर, रेखागणित, पुढे १९०१ व १९०२ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत छापून निघाले. मराठी वाचकाला या सर्व प्रकरणाची शास्त्रीय ओळख त्याच्याही आधी झाली होती. मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्र या ग्रंथात जयसिंह आणि जगन्नाथ यांना त्यांचे योग्य स्थान दिले आहे. एका शाळामास्तराने लिहिलेला हा ग्रंथ अजूनही जुना झाला नाही.

शहर आठ वर्षांचे असताना, १७३५ साली, बाजीरावाची आई राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाली आणि जयपूरला जयसिंहाचा पाहुणचार घेऊन काशीकडे गेली. पुढल्या वर्षी बाजीराव स्वतः जयसिंहाला किशनगडाजवळ भेटला. या भेटीगाठींचे दिवस फार टिकले नाहीत. १७४३ साली जयसिंह वारला, त्याच्या मुलांत गादीचा तंटा लागला, होळकर व शिंदे त्यात पडले, खंडणीच्या तगाद्याने टेकीस आलेल्या ईश्वरीसिंहाने १७५० च्या डिसेंबरात आत्मघात केला. आणि १७५१ च्या जानेवारीत, हे नवे रेखीव शहर पाहण्यास व बाजारहाट करण्यास तटाच्या आत गेलेल्या हजारो मराठ्यांची जयपूरच्या लोकांनी दरवाजे लावून घेऊन कत्तल केली. या प्रकरणात आपल्या सरदारांचे वर्तन अभिमान बाळगण्यासारखे नव्हते. मेलेली माणसे मात्र बहुतेक प्रेक्षक होती.

वेधशाळेला यानंतर वारस राहिला नाही. पोथीखाना चालू राहिला, सूरतखाना चालू राहिला, पण आकाशाचा छंद जयसिंहाबरोबर गेला. त्याचे खाते करण्याइतकी माणसे त्याच्या हयातीत तयार झाली, ती टिकविण्याइतकी गरज पुढल्या राजांना वाटली नाही. त्याचा नातू प्रतापसिंह, ज्याने १७९९ साली हवामहाल बांधविला, आणि ज्याच्या फौजा महादजी शिंद्यांशी लालसोटला व पाटणला लढल्या, तो कृष्णभक्त आणि कवी. ब्रजनिधी या नावाने तो पदे रची. त्याच्या छंदाला मात्र आधीच घर होते, कारण गुणीजनखाना होता. त्याच्या आश्रयाखाली पंडितांनी व गवयांनी मिळून संगीतसार हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. आणि ज्या महादजीशी या राजाने उभा दावा मांडला त्याच्या धन्यांच्या पुण्यात, पुणे गायन समाजाने, १९१० ते १९१२ या काळात तो छापून प्रसिद्ध केला. जयपूरचे नाव महाराष्ट्रात आज सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाते ते किल्ल्यांमुळे नव्हे, गाण्यामुळे: जयपूर दरबाराच्या मांडलिक उणियारा ठिकाण्यात जन्मलेले अल्लादियाखाँ कोल्हापूरला शाहूमहाराजांच्या पदरी राहिले, आणि त्यांची गायकी भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठांतून मुंबई, पुणे व गोवा येथे अशी रुजली की तिचे मूळ कोणत्या वाळवंटाकाठी होते हे सांगावे लागते.

छंदाच्या या इतिहासातला दुसरा मोठा पुरुष म्हणजे महाराजा रामसिंह, दुसरा. १८३५ साली तान्हेपणीच गादीवर आलेला आणि १८८० साली निवर्तलेला हा राजा रजबअलीखाँपाशी बीन शिकला, त्याने नाट्यगृह बांधविले, १८५७ साली हुन्नरशाळा काढली, दुष्काळी कामावर माणसे लावून रामनिवास बाग उभारली, आणि १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी शहराला तो गेरवी गुलाबी रंग दिला, ज्याच्यावाचून आज जयपूरची कल्पना करता येत नाही. पण त्याचा जिवाचा छंद होता छायाचित्रणाचा. जयसिंहाच्या सम्राट यंत्राच्या पोटात षष्ठांश यंत्र नावाची एक काळोखी कोठडी आहे. तिच्या छतालगतच्या बारीक छिद्रातून मध्यान्हीचा सूर्य आत येतो आणि समोरच्या साठ अंशांच्या कमानीवर त्याचे लखलखीत वाटोळे बिंब उमटते, इतके रेखीव की सूर्याचा व्यास मोजता यावा. बंद अंधारी खोली आणि तिला एक छिद्र, एवढेच छायाचित्राच्या पेटीचेही मूळ तत्त्व. तिच्यापासून हाकेच्या अंतरावरील राजवाड्यात सव्वाशे-दीडशे वर्षांनी दुसरा राजा भिंग लावलेली पेटी घेऊन बसला. फरक एवढाच की पूर्वजाचे बिंब दुपार टळली की नाहीसे होई, आणि याचे काचेवर राही.

ते काचेवर राहावे म्हणून करावा लागणारा खटाटोप आज बोटाच्या टोकाने छायाचित्र काढणाऱ्याला समजणे कठीण आहे. काचेच्या तावदानावर ईथर व मद्यार्क यांत विरघळविलेल्या कोलोडियनचा पातळ थर सारखा पसरावयाचा, ती काच अंधारात रौप्य नत्राच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच पेटीत घालून प्रकाश द्यावयाचा, आणि ओली असतानाच परत अंधाऱ्या खोलीत नेऊन चित्र उमटवावयाचे. काच वाळली की सारे फुकट. लंडनच्या दमट हवेत यासाठी काही मिनिटे मिळत. जयपूरच्या ज्येष्ठात, लू वाहत असताना, ईथर उडून जाण्यास आणि थर सुकण्यास कितीसा वेळ लागत असेल? अशा हवेत या राजाने दरबारी, पाहुणे, साधू, इमारती, स्वतः, आणि जनान्यातील स्त्रिया यांची शेकडो छायाचित्रे घेतली. १८६०च्या दशकात हिंदुस्थानात हिंडणारा फ्रेंच प्रवासी लुई रूसले जयपूरला आला तेव्हा राजाशी त्याचे बोलणे छायाचित्रणावर चालले. या कामासाठी राजवाड्यात तसबिरखाना निघाला, म्हणजे आणखी एका छंदाला आणखी एक खाते.

जनान्यातील ती चित्रे पाहिली म्हणजे थांबावे लागते. ज्यांचे मुख परक्या पुरुषाने पाहू नये असा दंडक, त्या पडदायती व दासी रंगविलेल्या पडद्यापुढे, गालिच्यावर, विलायती खुर्चीत, हात मांडीवर ठेवून पेटीच्या भिंगाकडे सरळ पाहत आहेत. काही जणी संकोचल्या आहेत, काही मुळीच नाहीत. राजाने हे का केले याची थोर कारणे शोधणारे शोधतात. सुधारणा म्हणा, सत्तेची मिजास म्हणा. मला वाटते, ज्याला पेटीचा नाद लागला त्याला समोर येईल तो चेहरा हवाच असतो, आणि त्याच्या वाड्यात हेच चेहरे होते. स्वतःचीही त्याने निरनिराळ्या वेषांत चित्रे घेतली; त्यांतल्या एकात तो गळ्यात रुद्राक्ष घालून शिवभक्ताच्या वेषात पूजेस बसला आहे, आणि ती मुद्रा राजाची कमी आणि काच वाळण्यापूर्वी काम उरकेल ना या चिंतेतल्या माणसाची अधिक वाटते. त्याच्या मृत्यूनंतर गादीवर आलेल्या माधोसिंहाला या पेटीत रस नव्हता. काचा राजवाड्यात बंद पडून राहिल्या. परंतु फेकल्या गेल्या नाहीत, कारण त्या कोणाच्या तरी तहविलीत होत्या. खात्याचा एवढा उपयोग मान्य केला पाहिजे.

रामसिंहाचा आणखी एक नाद पतंगांचा. तो लखनौच्या धर्तीचे पतंग उडवी, तुक्कल नावाचे मोठे पतंग त्याच्यासाठी तयार होत, आणि पतंगांसाठीही वाड्यात निराळा कारखाना होता असे जयपूरकर सांगतात. याच नादातून शहराला एक कला लाभल्याची गोष्ट तेथे सर्वतोमुखी आहे. अछनेऱ्याहून आलेल्या दोघा कुंभार भावांनी एका सामन्यात राजाचे पतंग एकामागून एक कापले. त्यांचा मांजा असा जबर कसा, म्हणून राजाने चौकशी केली तेव्हा कळले की आपल्या भांड्यांना लावावयाची निळी काच कुटून तिची पूड त्यांनी दोऱ्याला चढविली होती. राजाने त्यांना हुन्नरशाळेत ठेवून घेतले. कथेला कल्हई झालेली असावी, परंतु हुन्नरशाळेत निळ्या भांड्यांची कला शिकविली गेली हे खरे, आणि तिचे तंत्र खरोखर काचेच्या पुडीशीच निगडित आहे. या भांड्यांत माती जवळजवळ नसतेच. गारगोटीचे पीठ, काचेची पूड, मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक यांचा लगदा साच्यात दाबून त्याला आकार देतात, कारण चाकावर तो उभाच राहत नाही. वर कोबाल्टने निळी आणि तांब्याच्या भस्माने हिरवट-आकाशी वेलबुट्टी काढतात, काचेचे पाणी देतात, आणि एकदाच भाजतात. भट्टी थोडी चढली की भांडे बसते. विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला जवळजवळ बुडाली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रयत्नाने आणि चित्रकार कृपालसिंह शेखावत यांच्या हाताने ती पुन्हा वर आली. हुन्नरशाळा तिला वाचवू शकली नव्हती.

पतंगांना मात्र कोणत्याच शाळेची गरज पडली नाही. १४ जानेवारीला, आपल्याकडे तिळगूळ वाटून सूर्य मकरेत गेल्याची दखल घेतली जाते त्या दिवशी, जयपूरची झाडून सारी माणसे गच्च्यांवर असतात. हांडीपुऱ्यातल्या कारागिरांनी वर्षभर चिकटविलेले कागद एका दिवसात आकाशात जातात, आणि पतंग कापला गेला की गल्लीच्या गल्ली ‘वो काटा’ म्हणून ओरडते. आता या उत्सवात कृत्रिम धाग्याचा मांजा शिरला आहे, आणि पाखरांचे पंख व दुचाकीवाल्यांचे गळे त्याने कापले जातात. रामसिंहाच्या कारखान्यातला सुती दोरा एका माणसाच्या पतंगाशी लढत होता. हा नवा दोरा तुटत नाही, आणि पतंगबाजीत न तुटणारा दोरा हे कौशल्य नव्हे.

वेधशाळेकडे पुन्हा लक्ष गेले ते विसाव्या शतकाच्या तोंडावर. १९०१ साली जयपूर दरबाराने इंग्रज अंमलदार गॅरेट यांच्याकडून यंत्रांचा जीर्णोद्धार करविला, आणि त्यांच्या मदतीला जो जेमतेम अठरा वर्षांचा तरुण दिला तो चंद्रधर शर्मा गुलेरी. पुढे ‘उसने कहा था’ या एकाच कथेने हिंदी साहित्यात अजरामर झालेला. पहिल्या महायुद्धातल्या शीख जमादाराची करुण कथा लिहिणाऱ्या या माणसाने उमेदीच्या वयात दगडांवरच्या अंशकला मोजल्या होत्या, ही गोष्ट मला त्याची कथा वाचताना दर वेळी आठवते. याच कामात असलेले जयपूरचे राजज्योतिषी गोकुळचंद भावन यांनी नंतर दिल्ली व काशी येथील यंत्रे सुधारली. उज्जयिनीची वेधशाळा शिंदे सरकारच्या मुलखात. तिचा उद्धार १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने झाला, आणि तिची व्यवस्था पाहण्यास लाभले ते गोविंद सदाशिव आपटे, सर्वानंदकरणाचे कर्ते. पंचांगशुद्धीच्या वादात महाराष्ट्र त्या वेळी पुरता गुंतला होता, टिळक-पंचांग आणि जुने पंचांग यांचे पक्ष हमरीतुमरीवर आले होते. अशा दिवसांत जयसिंहाच्या यंत्रांवर प्रत्यक्ष वेध घेत बसलेला हा मराठी ज्योतिषी मला त्या राजाचा सर्वांत सरळ वारस वाटतो. उज्जयिनीची वेधशाळा आजही दरसाल ग्रहांची दैनिक स्थाने छापते. पाचांपैकी खाते मिळाले ते तिला, आणि दिले ते मराठ्यांनी.

जयपूरची वेधशाळा २०१० साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. तेथे आता तिकीट काढून आत जावे लागते, आणि यंत्रांवर चढण्यास मनाई आहे. एका दिवशी मात्र तेथील ज्योतिषी सम्राट यंत्रावर चढतात. आषाढी पौर्णिमेच्या सूर्यास्ताला हाती ध्वज घेऊन ते नव्वद फुटांच्या माथ्यावर उभे राहतात आणि वाऱ्याची दिशा पाहून पावसाचे भाकीत करतात. पूर्वेचा वारा असला तर पीकपाणी उत्तम, हे नियम वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहेत. जयसिंहाच्या काळापासून चालत आलेले जयविनोदी पंचांग शहरात अजून निघते आणि त्याचे कर्ते या परीक्षेला येतात. ज्या भिंतीची उंची सेकंदांच्या हिशेबासाठी ठरविली होती ती अशा रीतीने वर्षातून एक संध्याकाळ ध्वजस्तंभ होते. खाली पत्रकार आणि छायाचित्रकार डोके वर करून थांबलेले असतात, वरती मंडळींत ध्वज ईशान्येकडून हलला की पूर्वेकडून यावर वाद चालतो, आणि सकाळच्या वर्तमानपत्रात पंडितांचे भाकीत हवामान खात्याच्या अंदाजाशेजारी छापून येते.